मामाचा ट्रस, भाच्याचा पट्टा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी तेवीस वर्षांचा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळच्या एका खेड्यात मामांचं बिछायत केंद्र आहे. त्यांच्यासोबत मंडप आणि लाइट-साउंडचं काम करतो. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की रोज नवं गाव. आतापर्यंत सगळं बांबू-बल्ल्यांवर व्हायचं. यंदा मामांनी नागपूरहून जुना ट्रस, म्हणजे लाइट टांगायचा पाइपांचा सांगाडा, आणला, टॉवर वीस फुटी. पौषात एका गावी नाटक संपल्यावर पहाटे लाइट उतरवताना माझा पाय घसरला आणि मी एका हातावर लोंबकळलो. खालून मामा म्हणाले, 'काही झालं नाही नं? चाल मंग.' मी फोनवरून सेफ्टी बेल्ट मागवला, तर पोट्टे हसतात. मामा म्हणतात, 'असे पट्टे बांधत बसशीन तं नाटक सकाळीच सुरू होईन.' तो पट्टा पुरेसा आहे का? आणि मामांना हे कसं सांगू? लहानपणापासून त्यांच्याच घरी वाढलो आहे. आईला अजून काही सांगितलेलं नाही."

बाबू,

पाय घसरला त्यात तुझी चूक शोधत बसू नको. पौषातली पहाट, धानाच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला मंडप, अॅल्युमिनियमच्या पाइपवर दव आणि तळव्याला चिखल, अशा वेळी कोणाचाही पाय घसरेल. बांबूवर तू इतकी वर्षं चढलास, पण बांबू खरखरीत असतो, त्याला गाठी असतात, अनवाणी पायाचा अंगठा त्यात रुततो. शिवाय बांबू मोडण्याआधी करकरतो, वाकतो, माणसाला सावध करतो. ट्रसचा दोन इंची पाइप गुळगुळीत असतो आणि काही सांगत नाही. मामांनी सामान बदललं, चढायची पद्धत मात्र जुनीच ठेवली. सगळा घोळ तिथे आहे.

वीस फुटांवरून सुटलेला माणूस जेमतेम १.१ सेकंदात जमिनीवर येतो आणि आपटताना त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास असतो. तेवढ्या वेळात जेमतेम "मामा" म्हणून होतं.

आता तुझा पट्टा. पत्रात तू त्याचा फोटो पाठवलास हे बरं केलंस. तो नुसता कमरेचा पट्टा आहे, मागे एक कडी आणि एक दोरी. तो पडण्यासाठी नाहीच. माणूस पडला की सगळा झटका कमरेत आणि पोटात बसतो, अंग मधोमध दुमडतं, कधी तर माणूस पट्ट्यातून निसटतोच. तुला हवा तो खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांमधून जाणारा पूर्ण अंगाचा पट्टा, म्हणजे फुल बॉडी हार्नेस. त्यावर भारतीय मानकाचा आयएस ३५२१ हा क्रमांक शिवलेला असला पाहिजे. पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, इंग्रजी 'डी'सारखी कडी असते. तिला दोन दोऱ्या असलेला लॅनयार्ड जोडायचा, दोन्ही टोकांना मोठ्या तोंडाचे हुक आणि मध्ये झटका शोषणारी पिशवी. दोन हुक कशाला, तर चढताना एक काढशील तेव्हा दुसरा अडकलेला असावा. वर चढून, काम करून, खाली येईपर्यंत अशी एकही घडी यायला नको की दोन्ही हुक सुटे आहेत.

पण नुसता चांगला पट्टा घेऊन भागत नाही. इथे जरा हिशेब समजून घे, कारण शहाणीसुरती माणसंही इथेच फसतात.

समज, तू वीस फुटांवर उभा आहेस आणि हुक पायाजवळच्या पाइपला अडकवलास, कारण तिथे हात सहज पोचतो. लॅनयार्ड सहा फूट. पडलास की तो ताणला जातो. मग झटका शोषणारी पिशवी उसवत लांब होते, ती पावणेसहा फुटांपर्यंत जाऊ शकते. पाठीच्या कडीपासून तुझ्या तळव्यापर्यंत आणखी पाच फूट. बेरीज झाली पावणेसतरा फूट. पट्टा थोडा सरकेल, ट्रस थोडा वाकेल, म्हणून तीन फूट मोकळे धर. झाले की वीस! म्हणजे टॉवरच्या अगदी टोकावर असलास तरी हाती काही शिल्लक राहत नाही. बारा फुटांवर असशील, तर पिशवी पुरती उसवायच्या आत तू जमिनीवर. अंगात हार्नेस, हुक अडकलेला, आणि तरी पाय मोडलेले, असं होतं ते असं.

म्हणून हुक कायम डोक्याच्या वर. खांद्याच्या खाली तर कधीच नाही. आणि अशा कमी उंचीला लांब लॅनयार्डपेक्षा आखूड घ्यावा, किंवा गाडीच्या सीटबेल्टसारखा झटक्याला जागीच पकडणारा आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा मिळतो तो. तो महाग आहे, पण एक घेतला तर सगळ्या पोरांना पाळीपाळीनं वापरता येतो.

हुक अडकवायचा कशाला? ट्रसमध्ये चार जाड पाइप सरळ जातात आणि त्यांच्यामध्ये बारीक पाइप तिरके वेल्ड केलेले असतात. त्या तिरक्या पाइपला कधी अडकवू नको, तो पडणाऱ्या माणसाचा झटका घेण्यासाठी नसतो. लाइटच्या क्लॅम्पला नाही, चेन पुलीच्या साखळीला नाही, बाजूच्या बल्लीला तर नाहीच. जाड पाइपला, जिथे तिरके पाइप येऊन मिळतात त्या सांध्यापाशी, पट्टीची स्लिंग गुंडाळायची आणि हुक त्या स्लिंगमध्ये. अडकवल्यावर खट्ट असा आवाज आला पाहिजे. आवाज आला तरी एकदा बोटानं चाचपून बघ. आपल्या कामात पडद्याची झालर नाहीतर फुलांच्या माळेचा दोरा हुकाच्या तोंडात अडकतो आणि तोंड करंगळीएवढं उघडं राहतं. वरून बघताना ते दिसत नाही.

आता तुझ्या प्रश्नाच्या पुढे जातो. तुझा ट्रस जुना आहे. पडणाऱ्या माणसाला अडवताना त्यावर सहाशे किलोपर्यंतचा झटका येऊ शकतो. तेवढा भार त्या टॉवरनं आडव्या दिशेनं घ्यावा, तर त्याचे चारही पाय पसरलेले हवेत, चारही बाजूंनी ताण दिलेले हवेत, आणि खाली जमीन घट्ट हवी. तुमचा मंडप असतो कापणी झालेल्या बांधीत. वरून टणक दिसते, पण आत ओल असते. रात्रभर भार राहिला की एक पाय इंचभर खचतो, वीस फुटांवरचं टोक त्याच्या कितीतरी पट कलतं. टॉवरच्या बुडाखाली सागाची किंवा निदान जाड प्लायची रुंद फळी टाकत जा, आणि संध्याकाळी एकदा, मध्यंतरात एकदा ओळंबा धरून बघ. हे करायला वर चढावं लागत नाही.

आणि खरं सांगू, माझा मुख्य सल्ला पट्ट्याचा नाहीच. जितकं होईल तितकं चढूच नको. बांबूच्या मंडपात आधी मांडणी उभी करायची आणि मग वर चढून सगळं बांधायचं, ती रीत होती. ट्रसचं उलटं आहे. आडवा ट्रस खालीच, टेकूच्या घोड्यांवर, कमरेइतक्या उंचीवर ठेव. लाइट तिथेच लाव, वायर तिथेच ओढ, पडद्याचे हुक तिथेच घाल, सगळे दिवे पेटवून बघ. मग चारही कोपऱ्यांवर चार माणसं उभी करून चेन पुलीनं ट्रस हळूहळू, एकसारखा वर घ्या. एकानं मोजायचं, बाकीच्यांनी ओढायचं. वर गेल्यावर फक्त कुलूप घालायला आणि सेफ्टी स्लिंग बांधायला एक माणूस चढेल, दोन्ही हुक लावून. तेवढ्यासाठीही चाकांची परांची भाड्यानं मिळत असेल, तर ती टॉवरवर चढण्यापेक्षा बरी. माझ्या अनुभवात या पद्धतीनं काम लवकर होतं. मामांना घाई आहे ना, त्यांच्या घाईला हेच उत्तर आहे.

प्रत्येक लाइटला क्लॅम्पशिवाय एक वेगळी सेफ्टी वायर पाहिजे. एकेक शार्पी, म्हणजे फिरत्या झोताचा लाइट, अठरा-वीस किलोची असते. क्लॅम्पचा नट थरथरून सैल होतो, विशेषतः ढोलकीच्या बाजूच्या साउंडवर. खाली नाचणारी बाई आपल्या घरची नसली म्हणून काय झालं. वर जाणारा पाना, पक्कड, सगळं दोरीनं मनगटाला किंवा पट्ट्याला बांधलेलं. आणि वर माणूस असेल तोवर खाली दोरी लावून जागा मोकळी. आपल्याकडे सकाळी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, त्यामुळे दुपारपासूनच लेकरं स्टेजखाली खेळतात. त्यांना नुसतं ओरडून हाकललं की पाच मिनिटांत परत येतात. एक म्हातारा बसव काठी घेऊन. गावात असा एक म्हातारा असतोच आणि त्याला हे काम आवडतं.

वीज. याबद्दल फार लिहीत नाही, कारण तुला ठाऊक आहे. तरी तीन गोष्टी. बांधीवरून अकरा हजार व्होल्टची हेवी लाइन जात असेल, तर मंडपाची जागाच बदल. उभा करताना ट्रस कलला तर तारेला लागेल, आणि तारेला लागायच्या आधीच ठिणगी उडू शकते. दुसरं, सगळा ट्रस जमिनीत रोवलेल्या अर्थिंगच्या सळीला जोड आणि जनरेटरच्या पेटीत ३० मिलिअॅम्पिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, बसव. तिसरं, वर माणूस असताना मेन बंद आणि मेनची चावी वर चढणाऱ्याच्या खिशात. मंडळाच्या अध्यक्षाला फोन चार्ज करायचा असतो, तो मेन चालू करतो. हे मी स्वतः पाहिलं आहे.

वारा हा आपल्याकडचा खरा वैरी. फाल्गुन-चैत्रात ऊन तापलं की दुपारनंतर अवकाळी येतं, आणि लग्नाच्या हंगामात तर वावटळ कधी उठेल सांगता येत नाही. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स टॉवरला ताणून बांधलेला आहे, वारा ताशी साठ किलोमीटर आला. त्या फ्लेक्सवर सव्वातीनशे किलोचा रेटा येतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. २०११ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत, १३ ऑगस्टच्या संध्याकाळी, वादळाच्या आधीच्या झोतानं स्टेजवरचा ट्रस कोसळला आणि सात माणसं गेली. तीही जत्राच होती, लोक गाणं ऐकायला उभे होते. म्हणून फ्लेक्स आणि मागचा पडदा असा बांध की दोन गाठी ओढल्या की खाली यावा. आकाश काळवंडलं की कोण गाठ ओढणार, हे नाटक सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असू दे. आणि त्या वेळी वर कोणीही नको, पट्टा असो नसो.

आता तू ज्या वेळी घसरलास तिकडे येतो. पत्रात तू ते सहज लिहून गेलास, पण माझं लक्ष तिथेच अडलं: "नाटक संपल्यावर पहाटे."

लावताना सगळे ताजेतवाने असतात. उतरवताना रात्रभराचं जागरण, डोळ्यात रेती, कोणाच्या पोटात दोन घोट मोहाची, आणि दुसऱ्या गावाचा ट्रॅक्टर येऊन उभा. मी सत्तावीस वर्षं लाइट लावले. माझा एकच अपघात झाला, तो पहाटेच. एका तालुक्याच्या गावी, अकरा फुटांवरची शेवटची शार्पी उतरवत होतो. अंगात पट्टा होता. दोन्ही हुक कमरेला लोंबत होते, कारण एका मिनिटाचं काम होतं. आठवतं ते एवढंच की हुक एकमेकांवर वाजले, घुंगरासारखे. गुंडाळलेल्या गालिच्यांवर पडलो म्हणून गळ्याचं हाड मोडण्यावर भागलं. गालिचे हातभर पलीकडे असते तर हे सदर दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं.

म्हणून ऊन वर येऊ दे. दव सुकेपर्यंत खुर्च्या, गाद्या, वायरी, जमिनीवरची सगळी कामं करा. ज्यानं रात्री जागून लाइट चालवले त्यानं पहाटे चढायचं नाही. आणि ज्यानं घेतली आहे त्यानं त्या दिवशी चढायचं नाही. यात मामाचा पोरगा असला तरी सूट नाही.

एक गोष्ट लोक विसरतात. पट्ट्यानं माणूस अडला, वाचला, पण आता तो लटकलेला आहे. मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात. काही मिनिटांत भोवळ येते, बेशुद्ध झाला तर जिवावर बेततं. त्याला उतरवायला शिडी कुठे आहे, हे चढायच्या आधी ठरवा, आणि ती शिडी दुसऱ्या मंडपाला देऊन टाकू नका. लटकलेल्यानं शुद्धीवर असेल तर पाय हलवत राहायचं. आणि कोणी थेट जमिनीवर पडलाच, तर उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर तर मुळीच नेऊ नका. १०८ ला फोन. मान हलू न देता, आहे तिथेच ठेवून गाडीची वाट बघा.

पट्ट्याची निगा. बिछायतच्या गोदामात उंदीर असतात, डिझेलचे डबे असतात, बॅटऱ्या असतात. तिन्ही पट्ट्याचे शत्रू. खिळ्याला टांगून ठेव, दर वेळी अंगात घालायच्या आधी शिवण बोटानं चाचप. एकदा त्यावर कोणी पडला आणि पिशवी उसवली, की तो लॅनयार्ड आणि तो हार्नेस दोन्ही बाद. कापून टाक, नाहीतर कोणीतरी काटकसर म्हणून परत वापरेल. आपल्याकडे वस्तू फेकवत नाही, ठाऊक आहे मला.

आता मामा.

पोरांसमोर बोलू नको. चारचौघांत बोललास की मामांना तो आपला अपमान वाटेल आणि मग पट्टा हा विषयच बंद. ते हिशेबाला बसतील तेव्हा बस. मामींना जवळ बसू दे. तुझी भीती सांगू नको, मामांना भिणारा भाचा नको आहे. सामानाचं बोल. "मामा, ट्रस तुम्ही आणला, तो सगळा खालीच सजवून वर घेऊ, वेळ वाचेल." हे ते ऐकतील, कारण नवा ट्रस त्यांना मिरवायचा आहे. दोन-तीन गावं तसं करून दाखव. मग म्हण, वर जाणाऱ्यांसाठी दोन पट्टे घ्यायचे. चांगल्या हार्नेसला लॅनयार्डसकट दोन-चार हजार लागतात. एका शार्पीच्या किमतीत सगळ्या पोरांचे येतील.

तरी नाही म्हणाले, तर शेवटी एक सांग, आवाज न चढवता. कामावर अपघात झाला तर भरपाई मालकानं द्यायची, हा कायदा १९२३ पासून आहे आणि आता ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आहे. मंडपवाला म्हणजेही मालकच, आणि पगार घेणारा भाचा म्हणजेही कामगार. बाकीची पोरं तर परक्या घरची आहेत, त्यांचे बाप अंगणात येऊन उभे राहतील. दरम्यान बँकेत जाऊन सगळ्या पोरांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून घे, १८ ते ७० वयाच्या माणसाला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूचे २ लाख मिळतात. त्याला पट्ट्याची बरोबरी मात्र समजू नको.

आणि इतकं करूनही मामा म्हणाले "चढ तसाच", तर त्या दिवशी चढू नको. खाली वायरी ओढ, साउंड सांभाळ, काम सोडून घरी जाऊ नको. रुसून गेलास तर वादाचा मुद्दा रुसणं होईल, आणि वर दुसरा पोरगा चढेल.

आईला सांग. आधी पट्टा घे, मग सांग, म्हणजे तिला रात्री झोप लागेल.

पट्टा आला की पहिली चाचणी घरीच कर. गोठ्याच्या मजबूत तुळईला स्लिंग टाक, पायाखाली स्टूल ठेव, दोघांना बाजूला उभं कर, आणि वीतभर उंचीवर लटक. मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जावा, मूठ जाऊ नये. पाठीची कडी मानेकडे सरकली तर खांद्याचे पट्टे ओढ. दोन मिनिटांत कळेल कुठे काचतं. मग मामांना म्हण, तुम्ही घालून बघा. ते नाही म्हणतील, पोट्टे हसतील, मामी हसतील, आणि मग ते घालतील. एकदा लटकले की मांड्यांचे पट्टे कसे बसवायचे यावर तेच सगळ्यांना शिकवायला लागतील.